खाच

काउंटरच्या या बाजूला मी उभा असतो,
हातात प्लास्टिकची पट्टी, तिला एक खाच, दोन सेंटिमीटरची.
लिफाफा सरकला, तर पत्र.
अडला, तर पार्सल.
मधलं काही नाही.

दर मंगळवारी लेओनी बूद्रो येते,
शेटिकँपच्या वरच्या रस्त्यानं, चालत,
समुद्रावरून वारा असा की टोपी डोक्यावर न ठेवता
हातातच धरलेली,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात लिफाफे. लिफाफ्यांत बटणं.

मावशीचं शिवणाचं दुकान बंद पडलं
तेव्हा मशीन भावानं नेलं, आरसा दुसऱ्या भावानं,
कात्र्या कुणी नेल्या ते अजून कुणी कबूल करत नाही.
बटणं राहिली. एकोणीस बरण्या.
शिंगाची, शिंपल्याची, काळ्या काचेची,
खलाशांच्या कोटाची पितळी.
लेओनीनं एकेकाचा फोटो काढला खिडकीच्या उजेडात
आणि इंटरनेटवर दुकान मांडलं. तेव्हा तिला कळलं,
जगाच्या पाठीवर कुणाचं तरी
नेमकं तेच बटण तुटलेलं असतं.

सुरुवातीला ती बटण निळ्या कागदात गुंडाळायची,
सोबत लॅव्हेंडरची काडी,
एक जास्तीचं बटण, असू दे म्हणून,
आणि चिठ्ठी.
पहिली दरवाढ आली, काडी गेली.
दुसरी आली, निळा कागद.
मग जास्तीचं बटण.
मी फक्त नवं दरपत्रक काचेवर चिकटवतो,
चारही कोपऱ्यांना टेप, अगदी सरळ,
जणू वाकडं लागलं तर दोष माझा ठरेल.

"रेजिस," ती एकदा म्हणाली,
"बटण दोन डॉलरचं आणि पोचवायला अठरा?"
मी काय सांगणार. नाकापेक्षा मोती जड,
पण मोत्याचं वजन मी ठरवत नाही,
मी नुसता काटा वाचतो.
त्याच आठवड्यात तिची तीन गिऱ्हाइकं गेली.
एकीनं लिहिलं होतं, मोठ्या कंपनीचा खोका फुकट येतो,
तुमचं एवढंसं बटण का नाही?
लेओनीनं ते मला वाचून दाखवलं, फोन हातभर लांब धरून,
चष्मा घरी राहिला होता.
आवाजात राग नव्हता. मला राग बरा वाटला असता.

या मंगळवारी डब्यात एकच लिफाफा.
व्हाइटहॉर्सच्या कुणा बाईंसाठी.
नवऱ्याचा कोट. नवरा नाही आता,
मुलगा घालणार आहे,
वरून तिसरं बटण हवंय, मागे कडी असलेलं.
मी लिफाफा खाचेत घातला.
अर्ध्यावर अडला.
"ढकलू नकोस," तीच म्हणाली, "नियम मला पाठ आहे."

लिफाफा परत घेतला, कडेला नख घातलं,
आतून चिठ्ठी काढली, चार घड्यांची.
पुन्हा डिंक, पुन्हा खाच.
सरकला.
पत्र काढून घेतलं
तेव्हा कुठे ते पत्र ठरलं.

ती गेल्यावर चिठ्ठी काउंटरवरच होती.
विसरली की ठेवली, सांगता येत नाही.
वाचू नये. वाचली.
हवामान होतं, मावशी होती,
कोट कुठल्या सालचा असेल याचा अंदाज होता,
आणि तळाशी, अधोरेखित:
कडी जराशी सैल आहे, दोरा दुहेरी घ्या.

चारला थैला बंद होतो. चारला पाच कमी होते.
काउंटरचं पेन दोरीनं बांधलेलं,
दोरी पुरेना, म्हणून लिफाफाच पेनाकडे ओढला
आणि मागच्या बाजूला, डिंकाच्या रेषेखाली,
माझ्या वाईट अक्षरात लिहिलं:
दोरा दुहेरी घ्या.

मग शिक्का मारला,
नेहमीपेक्षा जरा जोरात.